हात केला की थांबायचं

५ जानेवारी, रविवार

पतसंस्थेची डायरी दरवर्षी घरात येते आणि दरवर्षी शालन तिची पानं फाडून शेंगदाण्याच्या पुड्या बांधते. यंदा पहिलं पान मीच आधी धरलं. यंदा आयुष्यात काहीतरी घडणार असं दिसतंय आणि ते पुडीत जायला नको.

झालं असं की प्रसेनजीतनं नवी मोटार घ्यायची ठरवलीय. पोरगा पंचतारांकित एमआयडीसीत चांगल्या हुद्द्यावर आहे, घेऊ दे. पण दारात जागा एकाच गाडीची आणि तिथं माझी जीप उभी. तीस वर्षं कागल ते कोल्हापूर वडाप केलं मी तिच्यावर. सीटा भरायच्या, निघायचं आणि वाटेत जो हात करील त्याला घ्यायचं. आता सगळ्यांच्या बुडाखाली दुचाकी आली, त्यामुळं जीप उभीच असते आणि शालन तिच्या टपावर मिरच्या वाळत घालते.

आज जेवताना तो म्हणाला, "अण्णा, जीप भंगारात घालू या. चांगली पळत होती तवा पळली."

"अजून पळत्या," मी म्हणालो.

"कुठं पळत्या? मिरच्या घिऊन?"

ते मला लागलं. सकाळीच स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर एक कागद चिकटवलेला बघितला होता. एमआयडीसीच्या बाजूच्या मोकळ्या माळावर मोटारींची शर्यत. गाडी जुनी पाहिजे, कंपनीतून आली तशीच पाहिजे आणि मालकानंच चालवायला पाहिजे. चार रविवार, चार शर्यती. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की मी भाग घेणार.

प्रसेनजीतनं भाकरीचा घास तसाच हातात धरला. मग म्हणाला, "ठरलं. चारातल्या एका शर्यतीत जरी पयल्या तिनात आलासा तरी जीप दारात ऱ्हाईल. माझी गाडी मी विहाराच्या पटांगणात लावतो. न्हाई आलासा, तर माझ्या पयल्या सुट्टीला भंगारात."

हातावर हात मारला. शालन बचत गटाच्या सभेला गेली होती; तिला शर्यतीचं सांगायचं, पैजेचं नाही, असंही ठरलं. दीक्षा, म्हणजे सूनबाई, वाढत होती. तिनं ऐकलं. पण ती पोटात ठेवणारी आहे.

८ जानेवारी, बुधवार

शाहूपुरीत जाऊन नाव घालून आलो. शर्यत भरवणारा उन्मेष म्हणून पोरगा आहे, टायरचं दुकान आहे त्याचं. बोलायला गोड. त्यानं विचारायला सुरुवात केली.

"काका, टीम कुठली?"

"टीम म्हंजे?"

"म्हणजे गाडीचा मालक कोण?"

"मी."

"ड्रायव्हर?"

"मीच की."

"मेकॅनिक?"

"आता येवढं इचारतोयस तर त्योबी मीच म्हणून लिही."

त्यानं माझ्या नावापुढं लिहिलं, 'स्वतंत्र'. मी वाकून परत वाचलं. माझ्या नावापुढं उभ्या जन्मात कुणी 'स्वतंत्र' लिहिलं नव्हतं. रेशनकार्डावर नाही, मतदार यादीत नाही. येताना गाडीत एकटाच होतो, तरी आरसा नीट केला.

टपावरची जाळी काढावी लागणार, ती कंपनीची नाही. शालनच्या मिरच्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो.

१२ जानेवारी, रविवार

शालनला सांगितलं. मला वाटलं होतं भांडी आपटेल. तिनं शांतपणे विचारलं, "ह्या वयात कुणाच्या मागं लागलाय तुमी?"

"मागं न्हाई कुणाच्या. गोल फिरायचं. जितनं निघायचं तितंच यायचं."

"मग निघतासाच कशाला?"

ते मी उन्मेषला विचारणार आहे.

"जोरात जायचं?" तिनं विचारलं.

"जेवढं जोरात जाईल तेवढं."

ती भाकरीला पीठ काढून बसली होती, ते तसंच पडलं. मग एकदम म्हणाली, "कसा आस्तोय त्यो रस्ता, दावा बघू." मला इतका आनंद झाला! चाळीस वर्षांत हिनं माझ्या धंद्यातलं काही विचारलं नव्हतं. परातीतल्या पिठात बोटानं सगळा ट्रॅक काढून दाखवला. इथनं सुटायचं, हा सरळ पट्टा, हे मोठं वळण, इथं गाडी हळू करावीच लागते.

"आन माणसं कुठं हुभी ऱ्हात्यात?"

"ह्या वळणावर. बांध हाय तितं."

ती पिठातल्या वळणाकडं बघत राहिली. मग त्याच पिठाच्या भाकऱ्या केल्या. बाईला गोडी लागली म्हणायची.

१५ जानेवारी, बुधवार

प्रायोजक मिळाला! मंडपवाले गणपतराव. बाकीच्या गाड्यांवर तेलाची, बॅटरीची नावं असतात म्हणे. माझ्या बॉनेटवर पेंटरनं लिहिलंय: 'लग्न, बारसे, वाढदिवस, तेरावे. खुर्च्या वेळेवर पोचतील.' गणपतरावांचं म्हणणं, जाहिरातीत खोटं नसावं, तेव्हा मीही वेळेवर पोचावं.

हेल्मेट दीक्षाच्या स्कूटरचं घेतलंय. गुलाबी आहे. डोकं वाचलं म्हणजे झालं.

१९ जानेवारी, रविवार

पहिली शर्यत झाली. घडलं तसं लिहितो.

सात गाड्या. राजवीर म्हणून एक तरणा पोरगा आहे, बापाचं शोरूम आहे. त्याची काळी गाडी, काळा चष्मा, हेल्मेटवर त्याचाच फोटो. एक डॉक्टर आहेत, त्यांची हिरवी गाडी. बाकीचे चौघे दोस्त-दोस्त आहेत, ते आपापसातच धडकत होते. मी सुटलो तो चौथा लागलो. वडापवाल्याला पुढं घुसायला शिकवावं लागत नाही. एसटी सुटायच्या आधी पुढचा थांबा गाठायचा, हेच तर तीस वर्षं केलं. दुसऱ्या फेरीला मोठ्या वळणाच्या अलीकडं तिसऱ्याच्या बरोबरीनं आलो. आता काढतोय त्याला, तेवढ्यात बांधावर एक हात वर झाला.

पिशवी काखेत, पदर डोक्यावर. झुंबरबाई! शालनची मैत्रीण, बचत गटातली.

मी काही ठरवलं नाही. पायानंच ब्रेक दाबला. हात वर झाला की पाय ब्रेकवर जातो, मध्ये डोक्याला कुणी विचारत नाही.

"कुठं, झुंबरबाई?"

"गोल फिरून हितंच सोडा, दाजी."

गुडघ्यांमुळं तिला चढायला वेळ लागला. बसल्यावर म्हणाली, "दार हळू लावा." मग म्हणाली, "बीपी हाय मला, हळू घ्या." बीपीवालं माणूस गाडीत असताना जोरात हाणणं बरं नव्हे. सहावा आलो. सातवा होता त्याचं इंजिनच सुरू झालं नव्हतं.

उन्मेष पळत आला. "काका, शर्यतीत पॅसेंजर घ्यायचा नसतो!"

"तसं लिवलंय का कुठं?"

त्यानं नियम चाळले. लिहिलेलं नव्हतं. कुणाला सुचणार लिहायचं?

"तूच म्हणालास, गाडी कंपनीतनं आली तशी पायजे," मी म्हणालो. "कंपनीनं मागं बाकडी कशाला दिल्यात मग?"

डोकं खाजवून शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे काका. पण जो बसेल त्याला हेल्मेट पाहिजे."

राजवीर चष्मा कपाळावर सरकवून बघत होता. "काका, हाफ तिकीट घेता का?"

"तू हात कर बाळा," मी म्हणालो, "तुला फुकट न्हेतो."

घरी आलो तर शालननं गुळाची पोळी केली होती. मी हरलो तरी किती हसतमुखानं वाढत होती. मन राखते बिचारी.

२० जानेवारी, सोमवार

झुंबरबाईला विचारलं, माळावर काय करत होतीस. म्हणाली, भाचीकडं गेलते. त्या माळावर एक घर नाही, चारी बाजूला कारखान्यांच्या भिंती. भाची कुठल्यातरी कंपनीत असणार. मी जास्त विचारलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

उपाय सापडला. बैलाच्या डोळ्याला झापड लावतात तशी डाव्या खिडकीला पुठ्ठ्याची झापड लावली. बांध डाव्या अंगाला आहे. दिसणारच नाही तर थांबणार कसा? शालनला दाखवलं. तिनं पुठ्ठा हातानं हलवून बघितला, म्हणाली, "चांगला बसलाय की. आन उजव्या अंगाला काय आस्तंय?"

"उजव्या अंगाला काय न्हाई. मदी टायरं रचल्यात निस्ती."

"बरं बरं," म्हणाली. किती बारकाईनं बघते.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरी शर्यत. झापड उत्तम टिकली.

उजवीकडं मधल्या टायरांच्या ढिगावर बचत गटातल्या दोघी उभ्या होत्या, हात वर करून. गाड्या पळत असताना तिथवर ट्रॅक ओलांडून पोचल्या कशा, देव जाणे. बरं, दोघींनी हेल्मेट घरनंच आणलं होतं. तयारी बघा!

त्यांना घेतलं. पुढच्या वळणाला डॉक्टरांच्या हिरव्या गाडीतून धूर निघालेला, ते बाजूला उभे राहून हात करत होते. मला वाटतं ते पाणी मागत होते, पण एकदा थांबलो म्हटल्यावर तेही बसले. दोघींपैकी एकीनं लगेच त्यांना गुडघा दाखवला. डॉक्टर हलत्या गाडीत गुडघा दाबून बघत होते, म्हणून मी खड्डे चुकवत नेली.

शेवटून पहिला. पण लोकांनी शिट्ट्या मारल्या त्या राजवीर जिंकला तेव्हाही मारल्या नव्हत्या. एक म्हातारा मुद्दाम जवळ आला आणि म्हणाला, "पावणं, पुढच्या टायमाला मलाबी घ्या. मी टायरांपशी ऱ्हातो."

मला खरंतर रडू येत होतं. जीप माझी जायला लागलीय आणि लोक शिट्ट्या मारतायत.

शालननं आज पुरणपोळी केली. सण नाही, वार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज शर्यत नव्हती. एकटाच माळावर जाऊन सराव केला. कुणीही हात केला नाही. वाऱ्यासारखा गेलो. माळावर चरणाऱ्या म्हशीनंसुद्धा मान वर केली. म्हणजे गाडीत खोट नाही. मग शर्यतीच्या दिवशीच सगळ्यांना जायचं कुठं असतं?

मन घट्ट करायला पाहिजे. पण हात केलेल्या माणसाला मागं टाकून आलो की मला भाकर गोड लागत नाही. आरशात तो माणूस बारीक बारीक होत जातो आणि हात मात्र तसाच वर दिसतो. ज्यानं वडाप केलं नाही त्याला हे कळायचं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिसरी शर्यत. दोन्ही खिडक्यांना झापड लावली. बायका सरळ समोर उभ्या होत्या.

गाडी भरली. झुंबरबाई पुढं बसून "मागं सरका गं" म्हणत होती. जास्त लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घोळ झाला. दीक्षानं शालनला पैजेचं सांगितलं. दीक्षा मला मामा म्हणते आणि शालनला आत्या. दारात उभी राहून म्हणाली, "मामा, मी काय आपणहून सांगितलं न्हाई. आत्या म्हणाल्या, बरं झालं तीनबी शर्यती पडल्या, आता येकच राह्यली. मला ऱ्हावलं न्हाई. म्हटलं, आत्या, बरं कसलं, जीप चालली की हो."

शालन अंगणात नव्हती. बघतो तर जीपमध्ये मागच्या बाकावर बसलेली, मांडीवर निवडायची मेथी.

"हितं काय करतीस?"

"बसलीया. न्हेतासा का कुठं?"

"कुठं?"

"कुठं न्हाई." मेथीची एक काडी तिनं तीनदा निवडली. मग म्हणाली, "पोराला गोवर झालता तवा मांडीवर घिऊन हितंच बसलेली मी. दीक्षाला ह्याच्यातनंच आणली. आमटीत मीठ किती घातलं ते मला इचारतासा, आन जीप पैजंला लावताना मी दिसली न्हाई व्हय तुमाला?"

"तू काळजी करशील म्हणून..."

"काळजीच केली की! तुमी मोडून पडशीला म्हणून केली. जीप जाईल म्हणून करायला पायजे हुती!"

हे बोलणं मला नीट उमजलं नाही. मी काही म्हणायच्या आत ती उठून झुंबरबाईकडं निघाली. इतक्या घाईत की एक चप्पल तिची होती आणि एक माझी.

२३ फेब्रुवारी, रविवार

बचत गटाची सभा आज विहारात भरली. इतकी लांबली की घरी जेवायला मी आणि प्रसेनजीत दोघंच. झुंबरबाई वाटेत भेटली तर मला बघून हात पाठीमागं लपवले. काय झालंय बायकांना?

२ मार्च, रविवार

शेवटची शर्यत. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्यावं. कोण सांभाळून घेणार म्हणा, वाचणारा मीच.

प्रसेनजीत उद्याची, सोमवारची सुट्टी आजला बदलून आला होता, एकटाच कडेला हाताची घडी घालून उभा. झापडी मी लावल्या नव्हत्या. एवीतेवी उपयोग होत नाही.

सुटलो. चार दोस्तांतले दोघं पहिल्याच वळणाला एकमेकांत अडकले. राजवीर पुढं, मागं डॉक्टर आणि त्यांच्या मागं... मी! तिसरा! पहिल्या फेरीला मोठ्या वळणावर आलो. पाय आपला ब्रेकच्या बाजूला तयार. बांधावर सगळा बचत गट रांगेत बसलेला. शालन मधोमध. आणि एकही हात वर नाही.

गेलो पुढं. दुसऱ्या फेरीलाही तेच. सगळ्यांचे हात पदराखाली. झुंबरबाई तर स्वतःच्या हातांवर बसली होती, अंड्यांवर कोंबडी बसावी तशी.

तिसरी फेरी. मी तिसराच. प्रसेनजीत आता हाताची घडी सोडून पुढं आलेला दिसला. पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. थांब्यावर एवढी माणसं बसलीयत आणि एकही हात करत नाही, ह्याचा अर्थ गाव बंद आहे, नाहीतर मयत झालीय. बंद तर नाही, चहाची गाडी चालू होती. म्हणजे मयत. कुणाची? शालनचं तोंड बघितलं, पांढरं पडलेलं. तिचा थोरला भाऊ शिरोळला अंथरुणाला खिळून आहे. बाई शर्यत बिघडू नये म्हणून दुःख पदराखाली दाबून बसलीय!

शेवटच्या फेरीला मी वळणावर गाडी थांबवली.

"शिरोळचा फोन आला काय गं?"

सगळ्या बायका एकदम उठल्या. "जावा! जावा की म्होरं!"

"काय झालंय ते सांगा आदी. कोण गेलं?"

"कोन बी गेलं न्हाई, दाजी!" झुंबरबाई ओरडली. "तुमी तेवढं जावा!"

"मग हात का करीना कोन?"

"आवो, तुमी जिकावं म्हणून!" शालन ओरडली.

"त्येचा आन हाताचा काय संबंध?" मी विचारलं. आणि मला अजूनही तो कळलेला नाही. पण हे विचारेपर्यंत उरलेल्या दोन दोस्तांच्या गाड्या धूळ उडवत पुढं गेल्या. मग धूळ बसली. बायका तोंडाला पदर लावून उभ्या.

शालन बांधावरून उतरली, रस्त्याच्या कडेला आली आणि तिनं हात वर केला.

"थांबलोयच की," मी म्हणालो.

"तरीबी करायचा आस्तोय," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

राहिलेला रस्ता दोघांनी सावकाश पार केला. ती खिडकीतून बघत होती. "हिथं हळू करावी लागत्या न्हवं?" तिनं विचारलं. व्हय म्हणालो. हळू केली.

पाचवा. प्रसेनजीत बॉनेटपाशी आला, गणपतरावांच्या 'खुर्च्या वेळेवर पोचतील'वर हात ठेवून उभा राहिला. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सोमवारी सुट्टी हाय माझी," म्हणाला. "उद्या न्हाई. म्होरच्या."

शब्द म्हणजे शब्द.

शिरोळचा मेहुणा बरा आहे. संध्याकाळी फोन करून खात्री केली. तो झोपला होता, शिव्या दिल्या.

८ मार्च, शनिवार

जीप धुतली. पोटातनं, चाकातनं, सगळी. गणपतरावांना विचारलं नाव पुसू का, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे हो, भंगारवाल्याच्या घरातबी लग्नं हुत्यात."

शालन सकाळी विचारत होती, भंगाराचं यार्ड कुठं आहे, कुठल्या रस्त्यानं जाणार. म्हटलं, शिरोलीच्या पुढं, म्हणजे अख्खं कोल्हापूर ओलांडून. मग परत झुंबरबाईकडं. ह्या दोघींचं सध्या फार चाललंय.

१० मार्च, सोमवार

सकाळी जीप काढली. शालन दारात आली नाही, आतनंच म्हणाली, "सावकाश जावा." प्रसेनजीत पुढं बसला.

कागल स्टँडला हात. झुंबरबाई.

"मावशी, आमी भंगारात चाललोय," प्रसेनजीत म्हणाला.

"मग वाटंतच सोडा की, बाळ. भंगारापातुर कशाला येऊ मी?"

ती पुढं बसली. प्रसेनजीत मागं. लक्ष्मी टेकडीला तिघी उभ्या, कणेरीवाडीला दोघी. गोकुळ शिरगावला बायका उतरल्या, म्हटलं सुटलो, तर उजळाईवाडीला त्यांच्याचसारख्या दोघी परत हात करून उभ्या. जुळ्या बहिणी असाव्यात. साड्याही तशाच. मागं एक रिक्षा धापा टाकत उभी होती, तिचं काय काम ते कळलं नाही.

आणि जीप भरलेली दिसली की बाकीच्यांनाही चढावंसं वाटतं, हा जुना अनुभव. शिफ्ट सुटलेले कामगार चढले. कोथिंबिरीची जुडी घेऊन एक म्हातारी चढली. कुणीतरी कोंबडी आणली. जागा उरली नाही, तसा प्रसेनजीत मागच्या पायरीवर उभा राहिला, वरच्या दांडीला धरून. इस्त्रीचा शर्ट सगळा चुरगळला. आरशात बघितलं, तोंड रागानं लाल.

शाहू नाक्याला दोघं उतरले, चौघं चढले. मी मागं बघणार एवढ्यात पत्र्यावर दोन थापा पडल्या. थाप, थाप.

मी मागं न बघता गाडी सोडली. शाळेच्या सुट्टीत हाच पोरगा माझ्या मागं किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून उभा असायचा. तेव्हाही दोनच थापा मारायचा, दुसरी जरा जोरात. आज दुसरी तेवढीच जोरात होती.

कावळा नाक्याच्या अलीकडं त्याचा आवाज ऐकला. "चला, शिरोली, शिरोली, शिरोली! आत सरा पावणं, लई जागा हाय!" लई काय, कोंबडीलाही जागा नव्हती.

यार्डाच्या फाटकाशी पोचलो तर कुलूप. दिवस कलला होता. आत एक माणूस होता, म्हणाला, "येळ संपली. आता उद्या."

"उद्या मला सुट्टी न्हाई," प्रसेनजीत म्हणाला. रागात म्हणाला असं मला वाटलं, पण तोंडावर राग नव्हता. रुमालानं हात पुसत उभा राहिला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? रिकामी कशाला न्यायची परत?" असं म्हणून तो रस्त्यावर गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायला लागला, "कागल! कागल! कागल!"

३० मार्च, रविवार

भंगारात जायचं राहूनच जातंय. दर सोमवारी निघतो, दर सोमवारी यार्ड बंद व्हायच्या आत पोचत नाही. प्रसेनजीतला मी दोनदा आठवण केली, पैज म्हणजे पैज. तो म्हणतो, "मी कुठं न्हाई म्हणतोय, अण्णा? उद्या लवकर निघू." नवी मोटार आलीय. तात्पुरती विहाराच्या पटांगणात लावतो.

उन्मेषचा फोन होता. पुढच्या वर्षी नियमात पॅसेंजरचं कलम घालणार आहे. जास्तीत जास्त नऊ.

आता शालन परात घेऊन समोर येऊन बसलीय. पीठ सारखं केलं आणि म्हणाली, "यार्डाला शिये फाट्याकडनंबी रस्ता हाय म्हणं. दावा बघू कसा जातोय." बाईला आता भंगाराचीही गोडी लागली. बोटानं सगळं काढून दाखवलं, कुठं वळण आहे, कुठं माणसं उभी राहतात, सगळं. बारकाईनं बघत होती.